शेष काय सांगतं? सामायिक फोल्डरमध्ये उरलेल्या फायलींविषयी



आजचा विषय वाचून काहींना हसू आलं असेल. प्रमाणांवरच्या व्याख्यानांत हे एक्सेल कुठून शिरलं? त्याचं कारण आधी सांगून टाकू. अनुमान हे प्रमाण आम्ही वर्षानुवर्षं वर्गात शिकवलं. ते पर्वतावरच्या धुरापाशी सुरू व्हायचं आणि उत्तरपत्रिकेत तिथेच संपायचं. रोजच्या कामात ते कुठे लागतं, असं विद्यार्थ्यांनी विचारलं तर उत्तर हातात असायला हवं. म्हणून आज आपल्या लोहाऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी कुठल्याही कार्यालयात येणारी एक अडचण घेऊ. शाळा असो, पतसंस्था असो, दूधसंकलन केंद्र असो, अडचण तीच.

दोन-चार संगणक एका जाळ्यात जोडलेले आहेत. त्यांपैकी एकावर सामायिक फोल्डर आहे. त्या संगणकाला आपण सर्व्हर म्हणू. फोल्डरमध्ये एक्सेलची एक फाईल आहे. सगळे तीच उघडतात आणि तिच्यातच माहिती भरतात. काही महिन्यांनी त्या फोल्डरमध्ये कुणीच न बनवलेल्या फायली दिसू लागतात. काहींच्या नावाआधी ~$ अशी दोन चिन्हं असतात. काहींची नावं म्हणजे आठ अंकाक्षरांची रांग, अर्थ काही लागत नाही. काहींच्या शेवटी टीएमपी असतं. कुणी म्हणतं व्हायरस आला, कुणी म्हणतं कचरा आहे, पुसून टाका. आणि मधूनच मूळ फाईल उघडताना सूचना येते की ती अमक्या व्यक्तीने उघडलेली आहे, तुम्हाला फक्त वाचता येईल. ती अमकी व्यक्ती तर दोन दिवस रजेवर असते!

आता यात तत्त्वज्ञान कुठे आहे ते पाहू.

गौतमाच्या न्यायसूत्रांत अनुमानाचे तीन प्रकार सांगितले आहेत: पूर्ववत्, शेषवत् आणि सामान्यतोदृष्ट. ढग पाहून पाऊस येणार असं म्हणणं हे पूर्ववत्, म्हणजे कारणावरून कार्याकडे जाणं. शेषवत् याच्या उलट. भाष्यकार वात्स्यायनाचं उदाहरण नदीचं आहे. नदीचं पाणी बदललेलं दिसतं, ती भरून आणि वेगाने वाहते, त्यावरून वर पाऊस झाला असं आपण ओळखतो. कार्य समोर आहे, कारण घडून गेलं आहे. 'शेष' या शब्दाचा दुसराही एक अर्थ भाष्यात घेतला आहे. ज्या ज्या शक्यता बसत नाहीत त्या एकेक बाजूला काढत गेल्यावर जी उरते ती. हे दोन्ही अर्थ आज आपल्याला लागणार आहेत. फोल्डरमध्ये उरलेली फाईल म्हणजे शब्दशः शेष. तिच्यावरून काय घडून गेलं ते ओळखायचं, हे शेषवत् अनुमानाचं काम.

पण आधी हा शेष मुळात का निर्माण होतो, ते समजून घेऊ.

पहिला प्रकार ~$ वाल्या फायलींचा. तुम्ही एक्सेलची फाईल उघडली की एक्सेल त्याच फोल्डरमध्ये एक छोटी लपलेली फाईल तयार करतं. तिचं नाव म्हणजे मूळ फाईलचंच नाव, पुढे फक्त ती दोन चिन्हं. आकार अवघा १६५ बाइट. तिच्यात काय असतं? ज्याने फाईल उघडली त्याचं नाव. दाराबाहेर 'आत अमके आहेत' अशी पाटी लावावी तसं. दुसरा माणूस तीच फाईल उघडायला आला की ही पाटी वाचून त्याला नाव दाखवलं जातं. काम संपवून फाईल बंद केली की एक्सेल पाटी स्वतःच उतरवतं. लिबरऑफिस वापरणाऱ्यांकडेही अशीच पाटी असते. तिच्या नावात टिंबानंतर 'लॉक' हा शब्द येतो आणि तिच्यात नावाबरोबर संगणकाचं नाव आणि वेळही लिहिलेली असते.

दुसरा प्रकार आठ अंकाक्षरांच्या फायलींचा. हा समजायला आपल्या सगळ्यांना माहीत असलेली एक जुनी पद्धत आठवू. हस्तलिखित सातबाऱ्याच्या काळात तलाठी फेरफाराची नोंद आधी गाव नमुना सहामध्ये घ्यायचे आणि सातबाऱ्यावर ती पेन्सिलने लिहून ठेवायचे. हितसंबंध असलेल्यांना नोटीस जायची, हरकतीला १५ दिवस मिळायचे, आणि नोंद प्रमाणित झाली की मग ती शाईने उमटायची. मधल्या काळात सातबारा पाहणाऱ्याला कळायचं की इथे काहीतरी चालू आहे, अजून पक्कं झालेलं नाही.

एक्सेलही पक्कं करण्याआधी कच्चं लिहितं. तुम्ही 'सेव्ह' केलं की ते मूळ फाईलवर थेट लिहीत नाही. त्याच फोल्डरमध्ये आठ अंकाक्षरांच्या नावाची नवी फाईल करून पूर्ण वर्कबुक तिच्यात लिहितं. लिहून झालं की जुनी मूळ फाईल काढून टाकतं, आणि त्या नव्या फाईलला मूळ नाव देतं. हे सगळं डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच होतं, म्हणून एरवी ती फाईल आपल्याला दिसत नाही. यामागचा विचार शहाणपणाचा आहे. लिहितानाच वीज गेली तर जुनी प्रत तरी शाबूत राहावी.

म्हणजे दोन्ही प्रकारच्या फायली निरोगी व्यवस्थेचाच भाग आहेत. त्यांचं जन्माला येणं हा दोष नाही. त्या मागे राहतात तेव्हा काहीतरी मध्येच तुटलेलं असतं, एवढंच. त्यांना व्हायरस म्हणणाऱ्याला हे आधी सांगायला हवं.

आता कळीचा मुद्दा. आठ अंकाक्षरांची फाईल कोणत्या क्षणी मागे राहिली, यावर सगळं अवलंबून आहे. लिहिणं चालू असतानाच संबंध तुटला, तर मूळ जुनी फाईल शाबूत आणि ही अर्धवट. पण जुनी काढून झाली आणि नवं नाव द्यायच्या आत संबंध तुटला, तर? तर मूळ फाईल फोल्डरमध्ये नाहीच, आणि तिची एकमेव पूर्ण प्रत म्हणजे ही विचित्र नावाची फाईल. ज्याला आपण कचरा म्हणून पुसायला निघालो, तीच खरी फाईल!

हे घडलं तर काय होतं, त्याचं एक चित्र डोळ्यांसमोर आणू. समजा, एका शाळेच्या कार्यालयात शिष्यवृत्तीची यादी सामायिक फोल्डरमध्ये आहे. शेवटच्या दिवशी दोन टेबलांवरून माहिती भरणं चालू आहे. संध्याकाळी यादी उघडत नाही. फोल्डरमध्ये पाच-सात अनोळखी फायली. कुणीतरी मदतीच्या भावनेने त्या सगळ्या निवडून पुसतं. सामायिक फोल्डरमधून पुसलेली फाईल तुमच्या संगणकावरच्या रिसायकल बिनमध्ये जात नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. दुसऱ्या दिवशी जुन्या प्रतीवरून यादी जाते, आणि त्यात आदल्या दुपारी भरलेली मुलं नाहीत. मग चौकशी सुरू होते. पडद्यावर सूचना आली होती, तिच्यात एका बाईंचं नाव होतं. त्यांना बोलावलं जातं. त्या सांगतात, आम्ही तर त्या दिवशी लवकर घरी गेलो होतो. कुणाला पटत नाही, कारण 'संगणक खोटं कसं सांगेल?'

इथे दोन अनुमानं झाली आणि दोन्ही घाईची. पहिलं: अनोळखी फाईल आहे, म्हणून ती निरुपयोगी आहे. दुसरं: पाटीवर नाव आहे, म्हणून ती व्यक्ती दोषी आहे.

दुसरं आधी तपासू. पाटीवरचं नाव कुठून येतं? त्या संगणकावरच्या ऑफिसमध्ये जे नाव नोंदलेलं असतं, ते. संगणक पहिल्यांदा सुरू करताना ज्याने नाव टाकलं त्याचं ते असू शकतं. त्या टेबलावर आज दुसरं कुणी बसतं, तिसरं कुणी बसतं, पाटी मात्र जुनीच निघते. शिवाय पाटी एवढंच सांगते की त्या संगणकावरून फाईल उघडली गेली. ती कुणी बिघडवली याविषयी पाटी मुकी आहे. न्यायाच्या भाषेत, इथे व्याप्ती सिद्ध नाही. जिथे पाटी तिथे माणूस, हा नेम मोडतो. आग विझल्यावरही धूर थोडा वेळ रेंगाळतो. तो पाहून आग आत्ता पेटलेली आहे असं म्हणणं चूक.

न्यायसूत्रांत पूर्वपक्षाने हीच हरकत घेतली आहे. नदी फुगलेली दिसली म्हणून पाऊस झाला असं कसं म्हणता? पाणी अडवल्यानेही नदी फुगते. मग अनुमान हे प्रमाणच नव्हे! आपल्या तालुक्यात ही हरकत कळायला पोथी लागत नाही. माकणीला निम्न तेरणा धरणाचे दरवाजे उघडले की खाली तेरणा भरून वाहते, आणि काठावर उभं राहिलं तर डोक्यावर ढगही नसतो. सिद्धांत्याचं उत्तर मात्र फार मार्मिक आहे. तो म्हणतो, केवळ पाणी वाढलं हे आमचं लिंगच नव्हे. वेग किती, फेस किती, पाण्याबरोबर फळं, पानं, काटक्या वाहत येतात का, हे सगळं मिळून लिंग होतं. अनुमान चुकलं असेल तर दोष अनुमानाचा नाही, लिंग नीट न पाहणाऱ्याचा आहे.

तेव्हा आता लिंग नीट पाहायला शिकू. पायऱ्या क्रमाने सांगतो, लिहून घ्यायला हरकत नाही.

एक. काहीही पुसायचं नाही. फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये जाऊन लपलेल्या फायली दिसतील असं करायचं. मग यादी तारखेप्रमाणे लावायची. प्रत्येक उरलेल्या फाईलची वेळ आणि आकार एका कागदावर टिपायचा. कागदावरच, कारण संगणकाची तक्रार संगणकातच लिहून ठेवली तर नेमकी हवी तेव्हा ती सापडत नाही.

दोन. सगळ्यांना एक्सेल बंद करायला सांगायचं. ~$ वाल्या ज्या फायली आपोआप नाहीशा झाल्या, त्या जिवंत पाट्या होत्या. ज्या राहिल्या, त्या शिळ्या असाव्यात. पण खात्री अजून नाही. एखाद्या संगणकावर एक्सेल वरून बंद दिसतं आणि आत अडकून पडलेलं असतं. टास्क मॅनेजर उघडून ते पाहायचं. फाइल एक्सप्लोररचा प्रीव्ह्यूचा रकाना चालू असेल तर नुसती फाईल निवडल्यानेही ती धरून ठेवली जाऊ शकते, तेही पाहायचं.

तीन. सर्व्हरला विचारायचं. पाटी म्हणजे कुलूप नव्हे. खरं कुलूप सर्व्हरच्या नोंदीत असतं: कोणत्या संगणकाने कोणती फाईल धरून ठेवली आहे ते. विंडोजच्या सर्व्हरवर कम्प्युटर मॅनेजमेंटमध्ये शेअर्ड फोल्डर्स आणि त्यात ओपन फाइल्स अशी यादी मिळते. तिथे फाईल उघडी दिसत असेल तर पाटी पुसून काही उपयोग नाही. धरून बसलेल्या संगणकावर जाऊन काम जपून ठेवायचं आणि फाईल बंद करायची. तो संगणकच बंद पडला असेल, आणि तिथे जपण्यासारखं काही उरलेलं नाही ही खात्री असेल, तरच सर्व्हरवरून ती बंद करायची. यादीत फाईल नाही आणि पाटी आहे, तर पाटी शिळी. ती बेलाशक काढा.

चार. आठ अंकाक्षरांच्या आणि टीएमपीच्या फायलींची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये करायची. मूळ जागच्या फायलींना हात लावायचा नाही. प्रतीच्या नावाला एक्सएलएसएक्स हा विस्तार जोडायचा आणि उघडून पाहायची. आकार शून्य असेल तर आत काही नाही. अर्धवट असेल तर एक्सेल ती दुरुस्त करू का असं विचारेल किंवा उघडणारच नाही. पूर्ण उघडली तर शेवटच्या ओळी मुख्य फाईलशी ताडून पाहायच्या. ज्यांनी त्या ओळी भरल्या त्यांना शेजारी बसवायचं. काय भरलं होतं हे त्यांनाच माहीत. ही ताडणी संपेपर्यंत कुठलीही फाईल कचरा नाही.

इथवर आपण शेष वाचला. आता कारणाकडे जाऊ, कारण शेष नुसता साफ केला तर आठवड्याने पुन्हा तेवढाच जमेल.

कारणं मुख्यतः चार. पहिलं, संबंध तुटणं. आपल्याकडे वीज जाणं नवं नाही. पण एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. वीज गेली तरी लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, सर्व्हरला इन्व्हर्टर असतो, आणि मधली जाळ्याची पेटी, म्हणजे स्विच, साध्या प्लगवर असते. दोन्ही टोकं जिवंत, वाट मेलेली. बसणाऱ्याला वाटतं आपला संगणक तर बंद पडला नाही, मग बिघडलं कसं? अशा ठिकाणी उरलेल्या फायलींच्या वेळा आणि वीज गेल्याच्या वेळा जुळतात. उपायही स्वस्त: त्या पेटीलाही इन्व्हर्टरची लाइन द्या.

दुसरं, परवानग्या. हे कारण सर्वांत फसवं आहे. कुणी चुकून काही पुसू नये म्हणून फोल्डरवर लिहायची परवानगी दिली जाते आणि पुसायची काढून घेतली जाते. हेतू चांगला. पण एक्सेलची रीत आत्ताच पाहिली: जुनं काढल्याशिवाय आणि नाव बदलल्याशिवाय त्याचं सेव्ह पूर्ण होत नाही. पुसायची परवानगीच नसेल तर ते आपलं कच्चं काम आवरू शकत नाही आणि प्रत्येक सेव्हला मागे काहीतरी टाकून जातं. पुसू नये म्हणून केलेली तजवीजच कचऱ्याचं मूळ होते. फोल्डरवर वाचणं, लिहिणं, बदलणं, पुसणं या चारही परवानग्या एकत्र द्याव्या लागतात. संरक्षण हवं असेल तर ते रोजच्या बॅकअपने करायचं.

तिसरं, अँटिव्हायरस. नवी फाईल जन्माला आली की तो ती तपासायला धरतो, आणि नेमक्या त्याच क्षणी एक्सेलला तिचं नाव बदलायचं असतं. दोघांच्या ओढाताणीत फाईल मध्येच राहते. चौथं, एकाच फाईलवर अनेकांनी एकाच वेळी काम करणं. एक्सेलची जुनी शेअर्ड वर्कबुक ही सोय त्यासाठी होती. नव्या आवृत्त्यांनी ती मेनूतून बाजूला सारली आहे. तिच्यात प्रत्येकाचे बदल सेव्हच्या वेळी एकत्र केले जातात. जितके लोक तितक्या सेव्ह, आणि तितकी मध्ये तुटण्याची ठिकाणं.

चारांपैकी आपलं कारण कोणतं? इथे शेषवत्‌चा दुसरा अर्थ कामी येतो, आणि त्याच्या जोडीला अन्वय-व्यतिरेक. हे असल्यावर ते असतं, हे नसल्यावर ते नसतं. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३च्या आपल्या तर्कग्रंथात अन्वयाच्या आणि व्यतिरेकाच्या ज्या रीती मांडल्या, त्या याच वळणाच्या आहेत. एक कोरी चाचणी फाईल घ्या. ती आपल्याच संगणकावर दहा वेळा सेव्ह करा. शेष राहिला नाही, तर एक्सेल निर्दोष. तीच सामायिक फोल्डरमध्ये दहा वेळा करा. शेष राहिला, तर दोष वाटेत किंवा सर्व्हरवर. मग पूर्ण परवानगी असलेल्या माणसाला त्याच टेबलावर बसवा. आता शेष राहिला नाही, तर कारण परवानगी. राहिला, तर त्या फोल्डरपुरती अँटिव्हायरसची तपासणी थोडा वेळ थांबवून पाहा, आणि चाचणी संपताच ती पुन्हा सुरू करा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या आणि गुण आला, तर कशाने आला ते कधीच कळणार नाही. औषधं एकदम चार घेणाऱ्याला हेच होतं.

साफसफाईविषयी एक सूचना. काही ठिकाणी रात्री आपोआप अशा फायली पुसणारी छोटी आज्ञावली लावतात. लावा, पण तिला पुसायला सांगू नका, हलवायला सांगा. 'शेष' नावाचा फोल्डर करा, आठ दिवसांपेक्षा जुन्या फायली तिथे जाऊ द्या, आणि महिन्यातून एकदा माणसाने त्यात डोकावावं. यंत्राला वय कळतं, महत्त्व कळत नाही.

शेवटी श्रोत्यांतून एक प्रश्न आला तो घेऊ. हे सगळं करण्यापेक्षा ऑनलाइन पत्रक का वापरू नये? जरूर वापरा. तिथे सगळे एकाच वेळी लिहू शकतात, आवृत्त्या जपल्या जातात, आणि कोणी कधी काय बदललं हे खात्यानिशी कळतं. पण इंटरनेट गेलं की तिथेही काम अडतं, आणि चौघांनी मिळून एकच खातं वापरलं तर तिथल्या नोंदीतही नाव एकाचंच येणार. तेव्हा जागा बदलली तरी आपलं काम बदलत नाही. आज कार्यालयात गेलात तर एवढं करा: प्रत्येक संगणकावरच्या ऑफिसमध्ये कुणाचं नाव नोंदलेलं आहे ते पाहा, आणि तिथे टेबलाचं नाव घाला. 'टेबल एक', 'टेबल दोन', 'टेबल तीन'. खातं जोडलेलं असेल तर तेही ज्या टेबलाचं त्याच टेबलावर ठेवा. पुढच्या वेळी फाईल अडकली की सूचना टेबलाकडे बोट दाखवेल, आणि रजेवर असलेल्या बाईंना कुणी बोलावणार नाही.

पुढच्या व्याख्यानात शब्दप्रमाण घेऊ. नमस्कार.